फिल्डवर्क करताना डोळ्यांसमोर काही चुकीचं घडलं तर संशोधकाने मध्ये पडावं की गप्प राहावं? सांस्कृतिक सापेक्षतावाद, म्हणजे दुसऱ्या समाजाच्या रीती आपल्या फूटपट्टीने मोजू नयेत हा विचार, काय सांगतो?

मध्ये पडावं. निदान तोंड तरी उघडावं. मी उघडलं नव्हतं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

2011 च्या पावसाळ्यात मी मेळघाटात होते, धारणी तालुक्यात, एका कोरकू आदिवासी कुटुंबाच्या घरीच राहायचे. पीएचडीचं दुसरं वर्ष. निघताना गाईडनी बजावलं होतं, "आपण तिथे बघायला जातो, सुधारायला नाही." आणि मी ते वाक्य अगदी डोक्यात कोरून घेतलं होतं. घरात पाच महिन्यांचं बाळ होतं, त्याचं पोट फुगलं, दोन दिवस नीट दूध पीत नव्हतं. नाल्याला पूर आलेला, काळीपिवळी बंद, आरोग्य केंद्र अठरा किलोमीटरवर. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने भुमकाला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूला बोलावलं आणि डंबा द्यायचं ठरलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, डंबा म्हणजे तापवलेल्या लोखंडाने बाळाच्या पोटावर चटके देणं.

चुलीत विळा ठेवलेला होता, नुसतं टोक लाल झालेलं. बाळाची आई, जिला मी वहिनी म्हणायचे, ती बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती आणि कोरकूत दोनदा "नको" म्हणाली, तेवढी भाषा मला तोवर येत होती. सासूने बाळ तिच्या हातातून घेतलं. मी दाराजवळ वही घेऊन बसले होते. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "सकाळी 7.20. विळा. बेंबीभोवती. 14." म्हणजे मी मोजत होते. बाळ ओरडत होतं आणि मी मोजत होते.

जखमा चिघळल्या, ताप चढला. पूर ओसरल्यावर बाळाला धारणीला नेलं, नऊ दिवस दवाखान्यात होतं, वाचलं. तिथल्या व्हरांड्यात आजी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली (बाहेरच्यांशी ते लोक बरेचदा हिंदीत बोलतात), "बाई, तू तो पढीलिखी है. तू बैठके लिख रही थी, तो मैं समझी ठीकच हो रहा है."

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे. आपल्याला वाटतं आपण गप्प बसलो म्हणजे तटस्थ राहिलो, पण त्या घरातले लोकही आपल्याला बघत असतात, आपल्या गप्प बसण्याचा त्यांच्या परीने अर्थ लावत असतात, आणि तो अर्थ बहुतेक वेळा घरात ज्याची चालते त्याच्या बाजूने जातो.

परत आल्यावर गाईडशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, तू बोलली असतीस तर आपली मूल्यं त्यांच्यावर लादल्यासारखं झालं असतं. मी विचारलं, आपली म्हणजे कोणाची सर? "नको" मी म्हणाले नव्हते, वहिनी म्हणाली होती, ती कोरकूच आहे, त्याच घरातली आहे. मग संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे सासूच्या शब्दाचा राखायचा आणि सुनेच्या नाही, हे कुठे लिहिलंय? सापेक्षतावादाचा मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसच्या परंपरेतला अर्थ मी तरी एवढाच घेते की समोरच्याची गोष्ट आधी त्याच्या चौकटीत समजून घ्या, घाईने न्यायनिवाडा करू नका. ती समजून घ्यायची पद्धत आहे, हातावर हात ठेवून बसायची परवानगी नाही. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या नियोजित जाहीरनाम्यावर सापेक्षतावादाच्याच मुद्द्यावरून शंका घेतली होती आणि 1999 मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला. सर मला 1947 सांगत होते, तेही 2011 मध्ये.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आजी दुष्ट नव्हती, तिच्या स्वतःच्या पोटावर तसेच जुने पांढरे वण होते, तिने मला दाखवले होते, तिच्या मते ती नातवाला वाचवत होती, आणि अठरा किलोमीटरवरचं केंद्र पुरात काही कामाचं नव्हतं हेही खरंच. बोलणं म्हणजे पोलीस बोलावणं नव्हे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली चटके देणं गुन्हा आहे, पण नुसत्या धाकाने काय होतं, तर लोक बाळाचे वण लपवायला लागतात आणि दवाखान्यात अजून उशिरा येतात. आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नका. लमझना ठेवतात, म्हणजे जावई लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राबतो, ते तुम्हाला विचित्र वाटलं तर वाटू दे, तिथे तुमचं मत कोणी मागितलेलं नाही. पण जिथे बाळाला भाजतंय आणि घरातलंच कोणी नको म्हणतंय, तिथे "मलाही हे बरोबर वाटत नाही, थोडं थांबू या, आशाताईला बोलावू या" एवढं म्हणायला कुठलाही सिद्धांत आड येत नाही. त्यांनी ऐकलं असतंच असं नाही. मला घराबाहेरही काढलं असतं कदाचित.



प्रबंधात हा प्रसंग दीड पानभर आहे. विळा आहे, वेळ आहे, चौदाचा आकडा आहे, बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्या वर्णनाचं कौतुकही केलं. वहिनीचं "नको" त्यात नाही. एका बाईचं म्हणणं प्रातिनिधिक ठरत नाही म्हणून सरांनी ते वाक्य काढायला सांगितलं होतं, आणि मी काढलं.