लाच घेणारा दोषी, देणारा निर्दोष?

प्रश्न : टीपॉट डोम प्रकरणात मंत्र्याला शिक्षा झाली, पैसे देणारा मात्र सुटला. हे कसं? आणि तेलसाठ्यांचे पट्टे (तेल काढण्याचे करार) देताना सांगितलेलं कारण काय होतं? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : वायोमिंगमधला टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातला एल्क हिल्स हे तेव्हा अमेरिकी नौदलाचे राखीव तेलसाठे. १९२१ मध्ये ते अंतर्गत खात्याकडे गेले (आपलं गृहखातं नव्हे, जमिनी-खनिजं सांभाळणारं खातं). मंत्री अल्बर्ट फॉल यांनी १९२२ मध्ये निविदा न काढता पहिला सिंक्लेअर, दुसरा डोहेनी या तेल उद्योजकांना पट्ट्याने दिला. कारण सांगितलं ते शेजारच्या विहिरी सरकारी तेल ओढून घेतील, असं. निफाडकडे शेजाऱ्याच्या खोल बोअरने आपली आटते, तसंच. कारण अगदीच पोकळ नव्हतं, म्हणून तर ते खपलं.

डोहेनीने फॉलना एक लाख डॉलर रोख, काळ्या बॅगेतून पाठवले, म्हणे उसने! १९२९ मध्ये ज्यूरीने फॉलना लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवलं. १९३० मध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्याच रकमेबाबत डोहेनीला सोडलं. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हेतू स्वतंत्रपणे, निःसंशय सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात पुराव्याची पातळी कमी, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पट्टे १९२७ मध्येच रद्द केले होते. सिंक्लेअर तुरुंगात गेला, पण सिनेटच्या आणि न्यायालयाच्या अवमानासाठी.