रॅक२वर काम सुरू करण्यापूर्वी

प्रिय,

पीएचडीसाठी रॅक२ हा जीन निवडलास, फार आनंद झाला. त्याचं १९२ अमिनो आम्लांचं प्रथिन जीटीपी या पेशीतल्या छोट्या रेणूला बांधलं की चालू, त्या जीटीपीचं तुटून जीडीपी झालं की बंद, आणि चालू असताना पेशीला आकार आणि हालचाल देणाऱ्या ॲक्टिनच्या तंतूंची जुळणी करवतं, हे तुला पाठच असेल. म्हणून थेट रॅक२मधल्या बदलामुळे आजारी पडलेल्या एका बाळाबद्दल लिहितो.

२००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही केस दोन शोधनिबंधांत प्रसिद्ध केली. बाळाच्या रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर होत्या, तरी जखमेत पू होत नव्हता आणि जखम भरतही नव्हती. पेशींना जंतूंकडे सरकताच येत नव्हतं. रॅक२च्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल होता: ५७व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पराजिन. मग दुसरी, चांगली प्रत का पुरली नाही? बदललेल्या प्रथिनाला जीटीपी नीट धरता येत नाही, आणि चांगल्या प्रथिनाला चालू करणारी जीईएफ प्रथिनं ते स्वतःकडेच अडकवून ठेवतं. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने ते बाळ बरं झालं. हे दोन्ही शोधनिबंध मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस.

आता यातून तुझ्या कामासाठी. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) रॅकचा पट्टा ठळक दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नकोस. एकूण प्रथिन किती, यापेक्षा त्यातलं जीटीपी बांधलेलं किती, हे महत्त्वाचं. त्यासाठी पुलडाऊन कर, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावातून हवं ते प्रथिन मण्यांवर ओढून घे. चालू रॅकलाच चिकटणाऱ्या पॅक१ या प्रथिनाचा तुकडा लावलेले मणी फक्त चालू रॅक पकडतात. पण पेशी फोडल्यावरही रॅकला बंद करणारी जीएपी प्रथिनं जीटीपी तोडतच राहतात. म्हणून बफर आधीच बर्फात ठेव, नमुने थोडेच घे आणि मध्ये फोन उचलू नकोस. घाईत केलेल्या पुलडाऊनपेक्षा हळू केलेला जास्त फसवा असतो, कारण त्यातला 'फरक नाही' खरा वाटतो. तुलनेसाठी एक नमुना न तुटणारा जीटीपी घालून (रॅक चालू) आणि एक जीडीपी घालून (रॅक बंद) दर वेळी सोबत चालव.

अँटिबॉडीही तपासून घे. रॅक२ आणि त्याचं भावंड प्रथिन रॅक१ सुमारे ९२ टक्के सारखे आहेत, त्यामुळे पुष्कळ अँटिबॉडी दोघांनाही धरतात. रॅक२ नसलेल्या पेशींवर ती आधी लावून बघ. तशा पेशी माझ्या फ्रीझरमध्ये आहेत, सोमवारी येऊन घेऊन जा.