चहा द्यायच्या आधी नाती पाठ कर

सिंगापूरच्या कँटोनीज (मूळ दक्षिण चीनच्या) घरात सून म्हणून जाते आहेस ना, मग हॉलच्या सजावटीत जीव अडकवू नकोस. आधी नातेवाइकांची यादी कर. लग्नात नवं जोडपं थोरांना चहा देतं, त्या चहाच्या विधीत खरी परीक्षा तिथेच असते. काही घरांत आधी आजी-आजोबा, काहींत आधी सासू-सासरे, मग काका, मामा वगैरे, वयाने आणि मानाने उतरत्या क्रमाने. प्रत्येकाला नात्याने हाक मारायची आणि दोन्ही हातांनी कप पुढे करायचा. आपल्याकडे काका आणि मामा वेगळे असतात. तिथे वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावालाही निरनिराळे शब्द आहेत. नवऱ्याकडून ते मोठ्याने म्हणवून घे, फोनवर रेकॉर्ड कर. मी हे केलं नव्हतं आणि थोरल्या काकांना धाकटं करून बसले!

चहात बहुधा वाळवलेली लाल बोरं आणि कमळाचं बी असतं. त्यांच्या चिनी नावांच्या उच्चारांतून ‘लवकर मुलं होवोत’ असा अर्थ काढतात, तेव्हा कुणी मिश्कील हसलं तर गोंधळू नकोस. धाकटी भावंडं मात्र तुम्हालाच चहा देतील, त्यांच्यासाठी पैशांची लाल पाकिटं जवळ ठेव. आत सम आकडा, पण 4 टाळ, त्याचा चिनी उच्चार ‘मृत्यू’सारखा होतो.

आईला सांग, तिकडे भेट म्हणून घड्याळ नेऊ नका. चिनीत ‘घड्याळ देणे’ म्हणजे ऐकायला ‘अंत्यसंस्कार करणे’. पैठणी चालेल, लाल असली तर फारच छान.