भट्टीतला हिशेब शिकू की कोडिंग?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. पुढच्या सत्रात ‘इंधने आणि ज्वलन’ हा ऐच्छिक विषय घ्यायचं माझ्या मनात आहे. मित्र म्हणतात, कोळशाचे दिवस संपले, आणि ही गणितं आता सॉफ्टवेअर करतं. वडील म्हणतात, ‘माझं आयुष्य भट्टीपुढे गेलं, तू तरी नको.’ काय करू?
– एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर :

माझं मत आधीच सांगतो. हा विषय घे, पण कोळशाच्या भरवशावर घेऊ नकोस. जळणारं घन इंधन कुठलंही असो, त्याला हवा किती लागते, उष्णता किती मिळते आणि त्यातली किती चिमणीतून जाते, हा हिशेब मांडता येणं हे खरं कौशल्य आहे. इंधन बदललं तरी हिशेबाची रीत तीच राहते.

एक उदाहरण करून बघू. समजा, कोळशात कार्बन ४२ टक्के, हायड्रोजन ३, ऑक्सिजन ८, सल्फर अर्धा, नायट्रोजन १, ओलावा साडेदहा आणि राख ३५ टक्के आहे. आपल्याकडच्या कोळशात एवढी राख नवलाची नाही. एक किलो कार्बन पूर्ण जळायला साधारण ११.६ किलो हवा लागते, हायड्रोजनला ३४.८ आणि सल्फरला ४.३५. हायड्रोजनमधून ऑक्सिजनचा आठवा भाग वजा करायचा, कारण तेवढा ऑक्सिजन इंधनातच आहे. बेरीज येते किलोमागे सुमारे ५.६ किलो हवा. ही झाली सैद्धांतिक हवा. एवढीच हवा दिली तर भट्टीत ती सगळीकडे सारखी पोचत नाही, आणि काही कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. पूर्ण जळालेला एक किलो कार्बन सुमारे ७,८०० किलोकॅलरी देतो, अर्धवट जळालेला जेमतेम २,२००. म्हणून थोडी जास्तीची हवा द्यावीच लागते.

ती किती, हे धुरातला ऑक्सिजन सांगतो. मीटरवर ३.५ टक्के दिसला तर जास्तीची हवा साधारण २० टक्के, ७ टक्के दिसला तर ५०. म्हणजे याच कोळशाला किलोमागे ६.७ ऐवजी ८.४ किलो हवा जाते. वरची १.७ किलो हवा ३० अंशांवर आत आली आणि १५० अंशांवर चिमणीतून गेली, तर कोळशाच्या उष्णतेपैकी एक टक्क्याहून थोडी जास्त उष्णता ती घेऊन जाते. रोज १०० टन कोळसा जाळणाऱ्या कारखान्यात हा रोजचा टनभर कोळसा झाला. डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, नीट लावला तर तो वाचतो. हे आकडे मालकापुढे मांडणाऱ्या माणसाला कामाची वानवा पडत नाही.

आता तुमच्या कारखान्याकडे ये. गिरणीतून निघणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणून किलोमागे हवा तीन किलोच्या आसपास पुरते. पण बगॅसमधलं पाणी आणि हायड्रोजन जळून तयार झालेलं पाणी मिळून पाऊण किलोहून जास्त वाफ धुराबरोबर बाहेर पडते. किलोमागे २,२७० किलोकॅलरीच्या या इंधनातली पाचव्या हिश्शाहून अधिक उष्णता त्या वाफेतच जाते. एकूण उष्मांक आणि निव्वळ उष्मांक (या वाफेतली उष्णता वजा केल्यावर उरणारा) यांतला फरक पुस्तकात एका ओळीत संपतो. बगॅसवर तो डोळ्यांत भरतो. शेवटच्या गिरणीवर ओलावा एक-दोन टक्क्यांनी उतरवायला कारखाने एवढे का झटतात, तेही इथेच कळतं.

सॉफ्टवेअरचं म्हणशील, तर ते बेरीज चुकत नाही. पण लॅबचा अहवाल हवेत वाळवलेल्या नमुन्याचा आहे की भट्टीत पडलेल्या ओल्या इंधनाचा, हे ते तुला विचारत नाही. सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात, आणि उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असतं. म्हणून आधी हाताने कर. मग तेच गणित पायथनमध्ये लिही, तुझ्या मित्रांनाही सोबत घे. हे दोन्ही येणारी मुलं फार थोडी आहेत.

कोळशाबद्दल स्पष्टच सांगतो. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं, त्यामुळे उद्या सकाळी काही बंद पडत नाही. पण तुझी चाळीस वर्षांची नोकरी कोळशावर बांधू नकोस. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) जाळायला सरकारने सांगितलं आहे, छोटे उद्योग ब्रिकेटकडे, म्हणजे अशाच दाबून केलेल्या विटांकडे, वळताहेत. प्रत्येक नव्या मिश्रणाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

वाटा चार दिसतात. पुण्यात थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल यांसारख्या बॉयलर आणि वाफेच्या क्षेत्रातल्या कंपन्या आहेत. पदवीनंतर बॉयलरवर प्रत्यक्ष अनुभव घेऊन बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची परीक्षा देता येते. किंवा नागपूरच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेतला औष्णिक केंद्रांचा पदविका अभ्यासक्रम करून वीजनिर्मितीत जाता येतं. मला स्वतःला ऊर्जा लेखापरीक्षणाची, म्हणजे कारखान्यात ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासण्याची, वाट जास्त आवडते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या परीक्षेतला दुसरा पेपर जवळजवळ याच विषयाचा आहे, त्याची पुस्तकं ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती आजच उतरवून घे. मात्र सुरुवातीचा पगार कोडिंगवाल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, पाळ्या असतात, धूळ आणि उकाडा असतो. हे माहीत असूनच ये.

वडिलांना माझा नमस्कार सांग. तुम्ही ज्या उकाड्यात उभे राहिलात, तो मुलाच्या वाट्याला येऊ नये असं वाटणं मी समजू शकतो. पण ज्वाळेच्या रंगावरून आणि धुरावरून हवा कमी की जास्त हे ओळखणारी तुमची नजर कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. त्याला ती शिकवा.

आणि तू ऐच्छिक विषयाचा फॉर्म भरण्याआधी एक काम कर. गळीत हंगाम चालू असताना, कारखान्याची परवानगी घेऊन, एका पाळीचे बगॅसच्या ओलाव्याचे आकडे लॅबमधून आण, धुरातला ऑक्सिजन आणि तापमान बॉयलर हाऊसच्या लॉगबुकातून उतरव, आणि वडिलांशेजारी बसून जास्तीची हवा व चिमणीतला तोटा काढ. यात तुझा जीव रमला नाही, तर खुशाल कोडिंगचा विषय घे. रमला, तर तो कागद मला पाठव, मी तपासून देईन.