किडनीचा बर्फ आणि त्याचा हिशेब

प्रश्न (फोंडा): माझ्या दिराला नणंद किडनी देणार आहे. दोन्ही ऑपरेशनं शेजारच्या थिएटरांत, एकाच सकाळी. मग बर्फ कशाला? त्याचे वेगळे पैसे पडतात का?

उत्तर: थिएटर शेजारी असलं तरी किडनी काढल्यापासून दिरांचं रक्त तिच्यात खेळेपर्यंत तिला प्राणवायू मिळत नाही. ४ अंशांपर्यंत गार केली की पेशींची प्राणवायूची गरज नेहमीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. म्हणून काढल्याबरोबर धमनीतून थंड द्रावण सोडतात. रक्त धुऊन निघतं आणि लालसर किडनी बघता बघता फिकट करडी पडते.

खरी अडचण पुढे. रक्तवाहिन्या जोडायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्यात पोटातल्या उबेने ती तापत जाते. गरज वाढते, रक्ताचा मात्र पत्ता नसतो. त्यासाठी काही सर्जन गॉजमध्ये निर्जंतुक सलाईनच्या बर्फाचा चुरा भरून भोवती गुंडाळतात, टाके घालायच्या जागेपुरती खिडकी ठेवून. सलाईन गोठवून केलेला हा चुरा, बिलात शोधूनही सापडायचा नाही. जिवंत दात्याची किडनी मुळात धडधाकट असते, त्यामुळे हात चपळ असेल तर फरक थोडाच. रोबोटने करायचं असेल तर गोष्ट वेगळी: किडनी बंद पोटात ३७ अंशांत पडून असते. त्यासाठी गुरुग्रामच्या मेदांता आणि डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयांतल्या सर्जननी पोटात बर्फाचा चुरा सोडायची पद्धत बसवली.

प्रश्न (बेतूल): म्हणजे आम्ही मासळीला बर्फ लावतो तसंच?

उत्तर: जवळपास. फक्त पेटीत तासन्तास राहणाऱ्या किडनीला बर्फ थेट लागलेला चालत नाही, पेशी गोठून फुटतात. पेटीतून न्यायची किडनी द्रावणासह एका पिशवीत, ती दुसरीत, ती तिसरीत, आणि मग बर्फ.

प्रश्न (काणकोण): बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं. युरोपात किडनी मशीनवर ठेवतात म्हणे. गोवा सरकारने ते घ्यावं का?

उत्तर: हे मशीन थंड द्रावण किडनीतून सतत फिरवत ठेवतं. २००९ साली नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात प्रत्येक मेंदूमृत (मेंदू कायमचा बंद पडलेल्या) किंवा हृदयमृत (हृदय थांबून गेलेल्या) दात्याची एक किडनी मशीनवर, दुसरी बर्फाच्या पेटीत ठेवली होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचं प्रमाण पेटीत २६.५ टक्के, मशीनवर २०.८. वर्षभरानंतर किडनी टिकलेली ९० विरुद्ध ९४ टक्के.

आता हिशेब मांडा. साधारण १७-१८ किडन्या मशीनवर ठेवाव्या तेव्हा एका रुग्णाचं ते सुरुवातीचं डायलिसिस वाचतं. युरोपात डायलिसिस आणि रुग्णालयाची खाट दोन्ही महाग, त्यामुळे तिथे मशीनचा खर्च वसूल झाला. आपल्याकडे डायलिसिस तिथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, मशीनला प्रत्येक किडनीमागे नवा संच लागतो, आणि मेंदूमृत दाते मोजकेच. मशीन बहुतेक दिवस कपड्याखाली झाकून राहील. माझं मत स्पष्ट आहे: तेच पैसे आधी आयसीयूत दाते ओळखणाऱ्या आणि नातेवाइकांशी बोलणाऱ्या समन्वयकांवर लागावेत. एक मात्र आहे. सरकारी हिशेबात सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि काणकोणहून येण्याजाण्याची दगदग कुठेच धरत नाहीत. ती धरली तर मशीनचं पारडं थोडं जड होईल.

प्रश्न (डिचोली): दात्याचंच अंग थंड करतात, हे खरं का? त्याला त्रास?

उत्तर: त्रासाचा प्रश्न येत नाही. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर केल्यानंतरची ही गोष्ट. अमेरिकेतल्या २०१५ च्या चाचणीत अशा दात्यांना ३४-३५ अंशांवर ठेवलं, आणि किडनी उशिरा चालू होण्याचं प्रमाण ३९ वरून २८ टक्क्यांवर आलं. २०२३ च्या चाचणीत मशीन याहून सरस ठरलं: १९ टक्के, नुसत्या थंडाव्याने ३०. दोन्ही एकत्र करूनही जास्तीचा फायदा दिसला नाही. पण रुपयामागे काय पदरात पडतं असं विचाराल, तर मशीन नसलेल्या ठिकाणी मी हा थंडावाच आधी निवडेन.

प्रश्न (वास्को): थंड ठेवून किडनी दिल्लीला पाठवता येईल?

उत्तर: येईल. २४ तासांच्या आत बसवायचा प्रयत्न असतो, पण जसजसे तास वाढतात तसतशी ती आळसावते. विमानतळापेक्षा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या यादीतला रुग्ण जवळ.