शंका गणिताची: अडकलेला आकडा मूळ कसा?

प्रश्न: नातवाच्या मोबाइलमधल्या गेमचा स्कोअर २१४७४८३६४७ वर अडकला. तो म्हणतो, ही मूळ संख्या आहे. एवढ्या मोठ्या संख्येचं असं हाताने तपासता येतं का? आणि तिचा उपयोग काय? – एक निवृत्त पोस्टमास्तर, मिरज

उत्तर: नातू बरोबर सांगतोय. गेम अडकण्याचं कारण साधं आहे. आकडा साठवायला ३२ बिटं (प्रत्येकात फक्त ० किंवा १ मावतो), त्यातलं एक अधिक-उणे चिन्हासाठी. उरलेली ३१ सगळी १ केली की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच तुमचा आकडा. त्यापुढे जागाच नाही.

पण ती मूळ निघाली हा मात्र योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२७६७, म्हणजे २ चा १५ वा घात वजा १, तिला ७ ने सरळ भाग जातो. घात मूळ नसेल तर अशी संख्या मूळ असूच शकत नाही, आणि १५ = ३ × ५. उलट बाजूने मात्र खात्री नाही: ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९.

आता हाताने तपासणं. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं? कोण बसेल! अठराव्या शतकातल्या ऑयलर या स्विस गणितीने युक्ती काढली. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. बाकीच्या सगळ्या संख्या न भागताच बाद. उरतात जेमतेम पावणेचारशे, आणि त्यांतल्याही बऱ्याच मूळ नसल्याने स्वतःच फुटतात. ६३, २४९ गेल्या. ३११ मूळ आहे. पुढच्या ४९७, ५५९, ७४५ वगैरे सगळ्या फुटतात, त्या थेट १३०३ पर्यंत. ३११ चा भागाकार मी कागदावर केला: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. १३०३ चा नातवाला करायला लावा, स्कोअर वाढवण्यापेक्षा बरं.

ऑयलरने ही संख्या मूळ असल्याचं १७७२ मध्ये बर्नुली या गणितीला पत्राने कळवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. हे मला त्या संख्येपेक्षाही मोठं वाटतं.

उपयोगाचं म्हणाल, तर तुमच्याआधी पीटर बार्लो या इंग्रज गणितीनेही तेच विचारलं होतं. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तीच. १८११ मध्ये बार्लोने लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. त्याचं म्हणणं, निव्वळ कुतूहलाच्या, निरुपयोगी गोष्टीमागे कोण लागणार? १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितीने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं, त्यातून याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळाली आणि बार्लोचं भाकीत खोटं ठरलं.

तुमची संख्या निरुपयोगीही राहिली नाही. १ घ्या, १६८०७ ने गुणा, तुमच्या आकड्याने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच. १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... संगणक वर्षानुवर्षं असेच ‘यादृच्छिक’, म्हणजे सोडतीसारखे वाटणारे, आकडे काढत आलेत. ज्याने भागतो तो आकडा (मोड्युलस) मूळ आहे आणि १६८०७ नेमका निवडलेला, म्हणून एकही आकडा परत न येता २१४७४८३६४६ पावलं चालता येतं.