तणसाचे गठ्ठे: बेलर घ्यावा, भाड्याने बांधावे की विकत आणावे?

दादा, तुमच्याकडे सहा एकर धान, आठ गाई आणि घरचा ट्रॅक्टर आहे, आणि मिनी राऊंड बेलर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) गोल गठ्ठे बांधणारं यंत्र, घेऊ का असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, यंदा घेऊ नका. मी भंडारा जिल्ह्यातला, माझ्याकडेही दहा-अकरा जनावरं आहेत आणि हा हिशेब मी स्वतःसाठी दोनदा मांडलाय.

आधी गठ्ठे मोजा. हिरव्या चाऱ्यासोबत गाईला रोज ६ किलो तणस धरलं तर आठ गाईंना वर्षाला साडेसतरा टन लागेल. गठ्ठा १७-१८ किलोचा, म्हणजे झाले हजारेक गठ्ठे. हार्वेस्टरमागे उचलता येईल असं तणस मी एकरी टनभरच धरतो. म्हणजे घरचे साडेतीनशे. तासाला ४० गठ्ठे निघाले तरी तुमच्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) यंत्राला वर्षाकाठी नऊ तासांचं काम. साडेतीन लाखांचं यंत्र सात वर्षं चाललं असं धरा. घरच्या गठ्ठ्यांवर गठ्ठ्यामागे दीडशेच्या जवळ नुसती किंमतच बसते. डिझेल, सुतळी, व्याज वेगळं. शेजाऱ्यांचं तणस उचलून हजार बांधले तर ५० रुपये. महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या योजनांच्या अर्जाचं पोर्टल) अनुदान मिळालं तर आकडा खाली येईल, पण तो तुमच्या गावच्या बांधणीच्या दराशी लावून बघितल्याशिवाय अर्ज भरू नका.

भाड्याच्या बेलरची खरी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. तीन वर्षांपूर्वी बेलरवाल्याने मला एकच दिवस दिला, कापणीनंतरचा दुसरा. तणस खालून ओलं होतं, तरी मी बांधून घेतलं. पंधरा दिवसांनी गठ्ठ्यात हात घातला तर आतून गरम लागला. जानेवारीत सोडले तेव्हा एकशे चाळीस गठ्ठे काळे पडलेले, गाईंनी तोंड लावलं नाही. बुरशीचं तणस गाभण जनावराला तर मुळीच घालू नये. म्हणून सगळे शेतात टाकावे लागले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी कापणीची तारीख ठरली की बेलरवाल्याला सांगून ठेवतो, पण दिवस तणस बघूनच देतो. चांगलं ऊन असलं तर तीन-चार दिवस लागतात, मध्ये एकदा उलटवावं लागतं. मूठभर घेऊन पिळा, कडकड मोडलं तर बांधा, नुसतं वळलं तर थांबा. नोव्हेंबरात दव असतं, म्हणून अकराच्या आधी यंत्र बांधीत उतरू देऊ नका. हार्वेस्टरवाल्याला खालून कापायला सांगा, नाहीतर निम्मं तणस धसकटातच राहतं. आणि उभ्या धानात लाखोरीचं (लाख डाळीचं) बी फेकलं असेल तर त्या बांधीत ट्रॅक्टर घालू नका, तिथलं तणस हातानेच काढा.

उरलेले साडेसहाशे गठ्ठे विकत घेण्याआधी आजूबाजूला विचारा. हरभऱ्यासाठी बांधी लवकर मोकळी हवी म्हणून तणस जाळणारे बरेच असतात. त्यांची बांधी साफ करून द्या, बांधणी तुमची, तणस तुमचं. मी दरवर्षी असंच करतो. विकतचं घ्यायचंच झालं तर कापणीच्या दिवसांतच घ्या आणि नगावर नको, वजनावर घ्या. सैल बांधलेला गठ्ठा डोळ्याला तेवढाच दिसतो.

गठ्ठे लाकडाच्या ओंडक्यांवर रचा, वर ताडपत्री टाका, विजेच्या तारेखाली मात्र कधीच नको. नुसत्या तणसात प्रथिनं फार कमी असतात, त्यामुळे मी थोड्या तणसावर युरिया प्रक्रिया करतो: १०० किलोला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, २१ दिवस हवाबंद. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नका.

गावात तुमच्यासारखे अजून तीन-चार गोठेवाले मिळून चार हजार गठ्ठ्यांचं काम पक्कं होत असेल, तर माझं मत बदलेल. तेव्हा आकडे घेऊन पुन्हा लिहा, बसून हिशेब करू.